विस्मरणाआधीची वीस वर्षे

वर्तमानपत्रांत दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी हमखास येते. परदेशातील एखाद्या प्रयोगशाळेत अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अमुक एक प्रथिन वाढलेले किंवा घटलेले आढळले, त्यामुळे या रोगाचे कोडे लवकरच सुटेल, असा तिचा सूर असतो. बातमी आली की त्या आठवड्यात कोणी ना कोणी कात्रण घेऊन दवाखान्यात येतेच. ‘डॉक्टर, आईसाठी हे औषध मागवता येईल का हो?’ कात्रणात औषधाचा उल्लेखही नसतो. पण विचारणाऱ्याला हसू नये. ज्या घरात आई पोटच्या मुलीला ‘तुम्ही कोणाकडच्या?’ असे विचारते, त्या घराला प्रत्येक बातमीत औषध दिसणारच.

अशा बातम्या खोट्या नसतात, अपुऱ्या असतात. मेंदूतील मज्जापेशींमध्ये कोणती प्रथिने किती तयार होतात आणि रोगात त्यांचे काय बिघडते, याचा अभ्यास हे गेल्या चाळीस वर्षांतील वैद्यकशास्त्राचे फार मोठे काम आहे. पण ‘औषध निघेल, तोवर वाट पाहू’ असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे आहे. या संशोधनाने दिलेला खरा धडा आज सगळे विसरून बसलेल्या आजीपेक्षा तिच्या पन्नाशीतल्या मुलामुलींसाठी आहे, असे माझे मत आहे. ते का, हे कळण्यासाठी सुरुवातीपासून सुरुवात केलेली बरी.

चट्टे आणि गुंते

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला काही आठवेना, स्वतःचे नाव लिहिता येईना, नवऱ्यावर ती विनाकारण संशय घेई. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला तपासले. १९०६ साली ती वारली तेव्हा ते म्युनिकला होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याच्या पातळ चकत्या केल्या आणि चांदीच्या क्षाराचा रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दोन गोष्टी दिसल्या. मज्जापेशींच्या बाहेर काही चट्टे साचलेले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झालेले होते. नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी ही माहिती मांडली. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

हे चट्टे आणि गुंते कशाचे, हे कळायला मात्र पाऊण शतक गेले. १९८४ मध्ये अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून बीटा अॅमिलॉइड नावाचा प्रथिनाचा तुकडा वेगळा काढला. चट्ट्यांतही तोच आहे, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. १९८६ च्या सुमारास गुंते ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाचे आहेत, हे कळले. टाऊ मुळात उपयोगाचे प्रथिन आहे. मज्जापेशीला एक लांब शेपटीसारखा तंतू असतो आणि त्यातून माल वाहून नेणारे अतिसूक्ष्म रूळ असतात. ते रूळ जागच्या जागी घट्ट धरून ठेवणे हे टाऊचे काम. रोगात टाऊवर फॉस्फेटचे जादा कण चिकटतात, ते रुळांवरून सुटते आणि त्याचे धागे एकमेकांत गुंततात. वाहतूक मंदावते, पेशी उपाशी पडते आणि शेवटी मरते.

वही एक, स्वयंपाक वेगळा

आता ‘प्रथिनांची अभिव्यक्ती’ हा बातम्यांमधला जड शब्द. त्याचा अर्थ सोपा आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. मग यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी इतक्या वेगळ्या कशा? घरात पाककृतींची वही एकच असते, पण आज काय करायचे आणि किती माणसांचे करायचे, हे रोज निराळे असते. तसेच हे आहे. जनुके म्हणजे वही, प्रथिने म्हणजे शिजलेले पदार्थ. कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणता पदार्थ किती शिजला, हे मोजणे म्हणजे प्रथिनांच्या अभिव्यक्तीचा अभ्यास.

प्रमाणाला किती महत्त्व आहे, याचे ठळक उदाहरण डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे आहे. बीटा अॅमिलॉइड ज्या मूळ प्रथिनापासून निघते, त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. या व्यक्तींत ते गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात. म्हणजे वहीत काही चूक नाही, पण तेच पान तीनदा लावलेले. परिणामी हे प्रथिन आयुष्यभर जास्त तयार होते आणि चाळिशीपर्यंत त्यांतील बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरचे चट्टे झालेले असतात.

मज्जापेशीची आणखी एक अडचण आहे. त्वचेच्या पेशी झडतात, नव्या येतात. मज्जापेशीची सहसा अशी अदलाबदल होत नाही. सत्तर-ऐंशी वर्षे तोच ओटा, तीच भांडी. उरलेले, नासलेले प्रथिन वेळच्या वेळी उचलून टाकण्याची पेशीची व्यवस्था वयाबरोबर मंदावते, आणि मग साठा वाढत जातो.

पाहणी कशी होते, यालाही हल्ली फार बारीक साधने आली आहेत. एकाच विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे मेंदूच्या चकतीवर सोडून त्यांना रंग देता येतो. जेथे रंग उमटेल तेथे ते प्रथिन. लेसर किरणाने एकेक मज्जापेशी कापून वेगळी काढता येते. वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रातून एका नमुन्यातील हजारो प्रथिने एकदम ओळखता येतात. २०१७ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या टाऊच्या धाग्याची घडी कशी असते, हे अणूंच्या पातळीपर्यंत दाखवून दिले.

जळालेल्या घराचा पंचनामा

एवढी साधने असूनही औषधाला इतका वेळ का लागतो, असे वाचक विचारतील. कारण हा अभ्यास बहुतांशी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूवर होतो. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा हौसेने कापून घेता येत नाही. म्हणजे आग विझल्यावर घराचा पंचनामा करण्यासारखे हे काम आहे. काय जळाले ते दिसते. ठिणगी कोठे पडली ते शोधावे लागते.

समजा, रुग्णाच्या मेंदूत एखादे प्रथिन निम्मे झालेले दिसले. ते पेशींनी कमी बनवले, की ते बनवणाऱ्या निम्म्या पेशीच मेल्या? म्हणूनच एकेक पेशी वेगळी करून पाहावी लागते. समजा, एखादे प्रथिन दुप्पट झालेले दिसले. ते रोगाचे कारण, की रोगाशी झुंजताना पेशीने उभारलेले संरक्षण? पूर आलेल्या गावात होड्या जास्त दिसतात, म्हणून होड्यांनी पूर आणला असे कोणी म्हणत नाही. शिवाय जनुकाची नक्कल पेशीत जास्त सापडली म्हणजे प्रथिनही तितकेच जास्त बनले असेल, असे नेहमी होत नाही. मृत्यूनंतर मेंदू किती तासांनी जतन केला, यावरही मोजमाप बदलते. ‘प्रथिन सापडले’ आणि ‘औषध सापडले’ यांत एवढे अंतर आहे.

तरी या पंचनाम्याने एक गोष्ट पक्की सांगितली आहे, आणि ती घराघरात पोहोचायला हवी. १९९१ साली जर्मनीतील हाइको आणि एव्हा ब्राक यांनी अनेक मेंदू तपासून दाखवले की टाऊचे गुंते एका ठरलेल्या क्रमाने पसरतात. ते आधी कानशिलाच्या आतल्या बाजूला, नव्या आठवणी नोंदवणाऱ्या भागात होतात. हालचालीचे भाग बराच काळ शाबूत राहतात. म्हणून आजोबांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण भजनात टाळ अचूक पडतात. घरचे म्हणतात, ‘हे सोंग आहे. सोयीचे तेवढे बरोबर आठवते.’ ते सोंग नव्हे. मेंदूतील ज्या पेशी आधी मरतात, त्यांचेच काम आधी बंद पडते. एकच प्रश्न दहा वेळा विचारणाऱ्या सासूवर ओरडताना सुनेने आणि आईवर ओरडताना मुलाने हे ध्यानात ठेवावे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किंवा ‘म्हातारचळ लागला’ म्हणून ज्याची बोळवण करतो, तो न्युमोनियासारखा किंवा क्षयासारखाच एक रोग आहे.

तो आपल्याकडे कमीही नाही. भारतातील साठीपुढील लोकांची पाहणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शंभरांत ७.४ जणांना, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांत सर्व प्रकारचे स्मृतिभ्रंश आले. अल्झायमर हा त्यांतील प्रमुख. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त आढळले.

६७८ नन्सची देणगी

आता धड्याकडे येतो. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ख्रिस्ती धर्मसंघातील ६७८ नन्सचा दीर्घकाळ अभ्यास केला. सगळ्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या. दरवर्षी त्यांची स्मरणशक्ती तपासली जाई, आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी देण्याचे त्या सर्वांनी मान्य केले होते. एकसारखे राहणीमान, एकसारखा आहार, दारू-तंबाखू नाही. त्यामुळे तुलना करायला हा गट उत्तम होता.

मेंदू तपासल्यावर एक गोष्ट लक्षात आली. काही नन्सच्या मेंदूत अॅमिलॉइडचे चट्टे आणि टाऊचे गुंते भरपूर होते, तरी त्यांची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत होती. असे का व्हावे? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात १०२ नन्सच्या मेंदूंची माहिती आहे. त्यांतील ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमर ठरवता येईल इतके बदल होते. पण या ६१ जणींपैकी ज्यांच्या मेंदूच्या आतल्या भागात लहान लहान पक्षाघातांच्या खुणा होत्या, त्यांच्यात प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश फार मोठ्या प्रमाणात झालेला होता. प्रथिनांचे ओझे होतेच. रक्तवाहिन्या बंद पडून झालेल्या इजेने त्या मेंदूची सहनशक्ती संपली.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. प्रथिन हा चोर खरा, पण दार आतून उघडून देणारा कोणीतरी घरातच असतो. तो म्हणजे न तपासलेला रक्तदाब, न आवरलेला मधुमेह, तंबाखू आणि विडी-सिगारेट. त्या चोराला धरायला अजून वेळ लागेल. घरातल्याला मात्र आजही धरता येते.

यात वेळेचा हिशेबही आहे. २००४ पासून जिवंत माणसाच्या मेंदूतील अॅमिलॉइड स्कॅनवर पाहता येऊ लागले. त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसले की विस्मरण सुरू होण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून हे प्रथिन साचू लागते. सत्तरीत दिसणाऱ्या रोगाचा पाया पन्नाशीत घातला जातो. हीच ती वीस वर्षे, ज्यात माणसाला काही जाणवत नाही आणि ज्यात करण्यासारखे सर्वांत जास्त असते.

औषध आणि रक्तदाबाचा पट्टा

औषधाचे काय, हा प्रश्न टाळत नाही. मेंदूतील अॅमिलॉइड काढून टाकणारे लेकानेमॅब हे इंजेक्शन २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सुरुवातीच्या अवस्थेतील १,७९५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती. दीड वर्षानंतर, औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी होती. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा होता. म्हणजे घसरण मंदावली, थांबली नाही, आणि गेलेली आठवण परत आली नाही. शंभरांत सुमारे तेरा जणांच्या मेंदूला सूज आली. ती पाहण्यासाठी वरचेवर एमआरआय करावा लागतो. ही शास्त्राची महत्त्वाची पायरी आहे, हे मी मान्य करतो. पण चट्टे काढूनही रोग चालूच राहतो, याचा अर्थ चट्टे म्हणजे संपूर्ण रोग नव्हे.

याउलट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला चीनमधील प्रयोग पाहा. तेथील ३२६ खेड्यांतील चाळिशीपुढील सुमारे ३४ हजार लोक, सगळ्यांचा रक्तदाब आटोक्याबाहेर. निम्म्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी, मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधी स्वस्त औषधे देऊन, घरी मोजायला शिकवून, पाठपुरावा करून रक्तदाब १३०/८० च्या खाली आणण्याचा चंग बांधला. उरलेल्या खेड्यांत नेहमीचे उपचार चालू राहिले. चार वर्षांनी पहिल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी होते. ना स्कॅन, ना महागडे इंजेक्शन. आपल्या आशाताई आणि आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका हे करू शकणार नाहीत का? तीस वर्षांपुढील सर्वांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासण्याचा शासनाचा कार्यक्रम आहेच. आपल्याकडे अडते ते तपासणीनंतर. गोळी सुरू होते, डोके दुखायचे थांबते, आणि दोन महिन्यांत ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद होते. ही बंद केलेली गोळी वीस वर्षांनी मेंदूत हिशेब मागते.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे. वर्षातून निदान एकदा रक्तदाब आणि साखर मोजा. औषध चालू असेल तर स्वतःच्या मनाने सोडू नका. तंबाखू सोडा. रोज घाम येईल इतके चाला. ऐकू कमी येत असेल तर लाज न बाळगता कानाचे यंत्र लावा. ज्याला ऐकू येत नाही तो संभाषणातून उठतो आणि मेंदूचे कामही कमी होते. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने अशी १४ कारणे सांगितली आणि ती सर्व दूर झाली तर जगातील ४५ टक्क्यांच्या आसपास स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा अंदाज दिला. उरलेल्या निम्म्याहून अधिकांचे काय, तर त्यांच्यासाठीच प्रयोगशाळा हवी. पण जे टळण्यासारखे आहे ते न टाळता प्रयोगशाळेकडे डोळे लावून बसणे शहाणपणाचे नाही.

घरात विस्मरण सुरू झालेले कोणी असेल तर प्रथम त्यांना तपासून घ्या. प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर कवटीच्या आत साचलेले रक्त, यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि यांवर उपचार आहेत. ‘वय झाले’ म्हणून घरी ठेवलेल्या माणसाचे हे उपचार राहून जातात. अल्झायमरच ठरला, तरी डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांना काही काळ थोडा आधार मिळतो. जाहिरातीतल्या ‘स्मरणशक्ती वाढवणाऱ्या’ बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नका. मे २०२५ मध्ये अमेरिकेत रक्तातील टाऊ आणि अॅमिलॉइड मोजणारी चाचणी मंजूर झाली आहे. ती लक्षणे असलेल्यांसाठी आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने करायची आहे. धडधाकट माणसाने कुतूहल म्हणून ती करू नये; उत्तर ‘आहे’ असे आले तर पुढे करायचे तेच आहे, जे वर सांगितले.

शेवटी एक मागणी. हे सगळे ज्ञान कोणीतरी मृत्यूनंतर दिलेल्या मेंदूंमधून आले, आणि ते मेंदू बहुतेक युरोप-अमेरिकेतले होते. आपला आहार, आपले आजार, आपली राहणी निराळी. बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूंचा संग्रह आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण मेंदू थोड्याच तासांत जतन व्हावा लागतो आणि आपल्या जिल्ह्यातून बेंगळूर दूर आहे. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी नेत्रदान आणि देहदानाच्या जोडीने मेंदूदानाचीही सोय केली पाहिजे. नेत्रदानाला घराघरातून होकार मिळू लागला, तसा मेंदूदानालाही मिळेल. तोवर प्रयोगशाळेतील मंडळी त्यांचे काम करीत आहेत. आपल्या वाट्याचे काम जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन दंडाला पट्टा बांधून घेण्याचे आहे. त्याला पाच मिनिटे लागतात.